वईवरची करवंदी: 2020 ते 2025च्या नोंदी

या नोंदी घरच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर होत्या. उतरवताना तारखा आणि आकडे तसेच ठेवलेत. शेळ्यांच्या मालकाबद्दलचं एक पान तेवढं गाळलं.

12 जून 2020

वादळाला नऊ दिवस झाले. 3 तारखेला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि आमचा दापोली तालुका दुपारभर पिंजून गेलं. वीज नाही. आगरातले सतरा माड गेले, पोफळी मोजायचं धाडस झालं नाही. पण आजची नोंद पूर्वेच्या गडग्याची, म्हणजे चिरे रचून केलेल्या कुंपणाच्या भिंतीची. शेजारचा फणस मुळासकट त्याच्यावर आडवा झाला. एकशेदहा फुटांतला निम्मा गडगा पाणंदीत पसरलाय. उरलेला पोट फुगवून उभा आहे, दोन पावसांत बसेल. चिरे आणायला गाडी नाही, रचायला गवंडी नाही. सगळ्या तालुक्याला एकदमच कौलं, पत्रे आणि माणसं हवी आहेत.

तोवर गुरं आत येणार, म्हणून वई, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण. हे म्हणाले, मोगली एरंडाच्या काठ्या खोचू, आठवड्यात काम होईल. मला करवंदी हवी होती. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “करवंदी कोणी लावतं का गो? ती असते.”

असते खरी, पण कुठे? सड्यावरच्या (जांभ्याच्या कातळमाळावरच्या) जाळ्या दोन वर्षांपूर्वी जेसीबीने साफ झाल्या. तिथे आता प्लॉटांचे सिमेंटचे खांब आहेत. यंदा मे महिन्यात करवंदं खायला देवळामागच्या एकुलत्या जाळीपर्यंत गेलो, तर टाळेबंदीत मुंबईहून आलेली सगळी पोरं आमच्याआधी तिथे जाऊन आलेली.

14 जून 2020

देवळामागून शेवटची ओंजळभर करवंदं आणली. मृगाचा पाऊस लागला की करवंदात पाणी भरतं, गोडी उतरते, आत किडेही सापडतात. खायला उपयोग नाही, पण बियांना हीच वेळ. काळी, मऊ पडलेली फळं पाण्यात कुस्करली. चपट्या तपकिरी बिया चिकाने बोटांना अशा धरून बसतात की धुऊन सुटत नाहीत. चुलीतली राख लावून चोळल्या तेव्हा मोकळ्या झाल्या. एक रात्र सुपात, सावलीत.

दुधाच्या साठ पिशव्या भरल्या. तांबडी माती दोन घमेली, कुजलेलं शेणखत एक, वाळू एक. वाळू ओढ्याची. समुद्राची फुकट आणि जवळ आहे, पण तिच्यातलं मीठ कोण काढणार? प्रत्येक पिशवीत एक बी, अर्ध्या इंचावर.

चाळीस बिया पुडीत बांधून फडताळात ठेवल्या. दिवाळीत सवड असते, तेव्हा लावेन.

3 जुलै 2020

पहिला कोंब. पेरल्यापासून एकोणीस दिवस. पुढच्या आठवडाभरात आणखी येतील असं दिसतंय. तीन पिशव्यांत बी कुजलंय. त्यांना खालून भोक पाडायचं राहिलं होतं.

5 जुलै 2020

धीर धरवला नाही. कामाला येणाऱ्या गड्याला घेऊन सड्याच्या कडेला गेले आणि वीतभरापासून गुडघाभर उंचीपर्यंतची नऊ रोपं पहारीने काढली. काढली म्हणजे तोडलीच म्हणायची. करवंदीचं मूळ कातळाच्या भेगेत शिरतं ते सरळ खाली. वर दीड फूट झाड, खाली कुठवर गेलंय पत्ता नाही. एक सोडून सगळ्यांचं सोटमूळ वीतभरावर तुटलं आणि चीक गळायला लागला. गडी म्हणाला, “वैनी, ही काय जगायची नाय.” तरी गडग्याच्या जागी लावली. पाऊस रोजचा, पाणी घालायचा प्रश्न नाही.

उजव्या अंगठ्यात काटा मोडला. करवंदीचे काटे जोडीने येतात, काहींना पुढे फाटा असतो. त्यामुळे एक चुकवावा तर दुसरा तयार.

19 जुलै 2020

अंगठ्यातला काटा आज पू होऊन आपला आपण बाहेर आला. सुईने चार दिवस कोरत होते ते फुकट.

देवळामागच्या जाळीवर दहा गुट्या बांधल्या, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटवायची. आंब्याला भेटकलम, काजूला मृदकाष्ठ, तसं करवंदाला गुटी चालते. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची फांदी निवडायची. इंचभर साल गोल काढायची. मग थांबायचं, कारण चीक वाहतो, आणि त्याच्यावरच पावडर लावली तर ती चिकात कालवली जाते. पहिल्या तीन गुट्यांना मी तेच केलं. पुढच्यांना ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घेतलं, थोडं सुकू दिलं, मग वरच्या काठाला मुळं फुटायची आयबीए पावडर, भोवती भिजवलेलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळीचे आवळे. जाळीत शिरून हे करताना साडीचा पदर तीनदा अडकला. पुढच्या वेळी ह्यांचा जुना सदरा.

9 ऑगस्ट 2020

साठांतली त्रेचाळीस रोपं आली. दोन-दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी. तुळस यापेक्षा लवकर वाढते. सासूबाई येताजाता बघतात आणि काही बोलत नाहीत.

11 ऑक्टोबर 2020

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन लागलं, आणि सड्यावरून आणलेल्या नवांपैकी आठ रोपं आठवड्यात वाळली. पावसात हिरवी दिसत होती ती नुसती फसवणूक. मूळच नव्हतं, हवेतल्या ओलीवर तगली होती. एक जगलंय, सगळ्यांत लहान, वीतभराचं. ते निघताना मुळासकट आलं होतं एवढंच वेगळं.

रानातलं झाड चिवट असतं हे खरं. पण तो चिवटपणा ते जिथे रुजलं तिथला. मी पहारीने झाड आणलं, चिवटपणा भेगेतच राहिला.

गुट्या: दहांतल्या चार लागल्या. चिकात पावडर कालवलेल्या तिन्ही गेल्या. उतरवून पिशवीत लावल्या, मांडवाच्या सावलीत.

22 नोव्हेंबर 2020

पुडीतल्या चाळीस बिया दिवाळीत लावल्या होत्या. आज बरोबर आठवडा. वाट बघते.

3 जानेवारी 2021

चाळीसांतली एकही नाही. उकरून पाहिलं, बिया तशाच, दाबल्यावर आत पोकळ भुसा. पाच महिन्यांत मेल्या. धान्यासारखी पुडी बांधून ठेवायचं हे बी नाही. फळातून निघालं की मातीत गेलं पाहिजे. फळ पिकतं मे-जूनला आणि पाऊस येतो जूनला, त्याच हिशेबाने ते चालतं. मधली दिवाळी माझी.

17 मे 2021

काल आणि परवाची रात्र ‘तौक्ते’. ते किनाऱ्याला न लागता समुद्रातूनच उत्तरेला गेलं, पण वाऱ्याने इथलं सोडलं नाही. रोपांवरचा शेडनेटचा मांडव बसला, बांबू आडवे. छत्तीस रोपं उरली होती (सात पावसाळ्यात गोगलगायींनी खाल्लेली), त्यातली पाच चेपली. आता एकतीस. गुटीचं एक झाड आधीच गेलं होतं, तीन आहेत.

समुद्र आमच्यापासून दीड किलोमीटर. आज सकाळी आंब्याची समुद्राकडची पालवी भाजल्यासारखी तपकिरी झालीय, खारं पाणी उडून. करवंदीची रोपं त्याच वाऱ्यात उघडी पडली होती. पान जाड, चकचकीत. एकाही पानाला डाग नाही. हे मात्र लिहून ठेवण्यासारखं.

13 जून 2021

दापोलीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून ‘कोकण बोल्ड’ची दोन कलमं आणली. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाची ही करवंदाची जात, नावाप्रमाणे फळ मोठं. उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठानेही पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा अशा जाती काढल्यात. म्हणजे करवंदी लावणारी मी पहिली नव्हे, हे मी सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. त्यांनी विचारलं, कलम कितीला पडलं. सांगितल्यावर त्या उठून आत गेल्या.

20 जून 2021

लागवड. गडग्याचे चिरे बाजूला ओढून रांग मोकळी केली. वईसाठी तीन फुटांवर एक. फळबाग करायची असती तर सात-आठ फूट सोडले असते. एकतीस बियांची, तीन गुटीची, दोन कलमं आणि एक सड्यावरचं: सदतीस. एकशेदहा फुटांना सदतीसच लागतात. मी आधी मोजलेलं नव्हतं.

खड्डे दीड फुटाचे ठरवले होते. उत्तरेकडच्या टोकाला फूटभरावरच जांभा लागला, पहार ठण्ण वाजते. तिथे खड्डा न वाढवता भेग शोधली आणि भेगेवर रोप बसवलं. दक्षिणेचा उतार संपतो तिथे माती मऊ, काळपट. तिथले खड्डे पाच मिनिटांत झाले आणि मी मनात म्हटलं, ही झाडं सगळ्यांत आधी वाढतील.

25 जुलै 2021

22 तारखेला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमची जाऊ तिथेच असते, दोन दिवस फोन लागला नाही. ती सुखरूप आहे, वरच्या मजल्यावर होती. त्यामुळे आज वईकडे गेले तेव्हा फार काही वाटून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. दक्षिणेच्या मऊ मातीत चार दिवस घोट्याएवढं पाणी उभं आहे. सहा रोपांची पानं पिवळी, हात लावला की गळतात.

8 ऑगस्ट 2021

ती सहाही गेली. उपटून पाहिलं, मुळं काळी, वास येतो. कातळावरच्या फूटभर मातीतली सगळी उभी आहेत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि करवंदी त्यात वर्षानुवर्षं जगते, कारण ती सड्यावर असते, जिथे पडलेलं पाणी जांभ्यातून निघून जातं. चार महिने पाऊस अंगावर घेईल, आठ महिने कोरडी उभी राहील, पण पायाशी पाणी साचलेलं चालत नाही. मी जिला चांगली जमीन समजले ती भाताची जमीन होती.

30 नोव्हेंबर 2021

भात कापून झाल्यावर गुरं मोकाट सुटतात. शेळ्याही. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. चौदा रोपांचे शेंडे साफ. (इथलं पुढचं पान गाळलंय.)

तात्या शेजारून बघायला आले. म्हणाले, काटेरी झाड शेळ्यांनी खाल्लं म्हणजे कमालच. कमाल कसली? कोवळ्या फुटीवरचा काटाही कोवळाच असतो, शेळीला कोशिंबीर. काटा वाळून टणक व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर वईलाच वई हवी. बाभळीची आणि बोरीची छाटलेली झुडपं आणून दोन्ही बाजूंनी आडवी टाकली. कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं. आमच्याकडे कुंपणच खाल्लं गेलं.

12 जून 2022

शेळ्यांनी खाल्लेल्या चौदांपैकी बारा पुन्हा फुटली, पूर्वीपेक्षा दाट. एकेका शेंड्याच्या जागी तीन-तीन फांद्या. मालकाला हे कळता कामा नये.

मेलेली दोन आणि बुडालेली सहा, अशी आठ भरायची होती. गेल्या जूनमध्ये टाकलेल्या बियांची बारा रोपं आहेत, त्यातली आठ लावली. दक्षिणेच्या टोकाला गडग्याच्या पडक्या चिऱ्यांचा गुडघाभर उंच बांध घातला, मध्ये दगडगोटे आणि तांबडी माती, आणि त्याच्यावर रोपं. चिऱ्यांचा शेवटी उपयोग झाला. पुन्हा सदतीस.

उरलेली चार पडवीच्या पायरीपाशी ठेवली होती, संध्याकाळी तीनच दिसली.

16 ऑक्टोबर 2022

उत्तरेकडच्या दहा झाडांना शेणखताची पाटी-पाटी आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन कळश्या पाणी घातलं होतं. मधल्या दहांना काहीच नाही. आज मोजलं: खतपाण्याची झाडं सरासरी साडेतीन फूट, बिनपाण्याची पावणेतीन. उंचीला फरक, पण खतवाल्यांच्या फांद्या लांब, लवलवीत, पाणंदीवर झुकलेल्या. बिनपाण्याच्या बुटक्या, आणि हात घालवत नाही इतक्या दाट. वई म्हणून कुठली बरी हे उघड आहे. पहिल्या उन्हाळ्यात, रोपं पिशव्यांत असताना, पाणी द्यावं, ते मी सगळ्यांनाच दिलं होतं. दुसऱ्यात कळशी विहिरीवर ठेवून द्यावी.

18 डिसेंबर 2022

पुतण्याचा साखरपुडा घरी. पाहुणे पाणंदीने येणार म्हणून ह्यांनी कोयतीने पाणंदीकडची सगळी बाजू एका रेषेत छाटली. दिसते छान, शहरातल्या बागेसारखी.

19 फेब्रुवारी 2023

फुलं! संध्याकाळी पाणंदीतून येताना वास आला, आधी वाटलं शेजारची जाई. पांढरी, पाच पाकळ्यांची, चक्राकार वळलेली, देठाशी किंचित गुलाबी. कलमांवर आणि गुटीच्या झाडांवर भरपूर, बियांच्या सात-आठ झाडांवर थोडी.

बघितल्यावर कुळ ओळखू येतं. कण्हेर, तगर, पांढरा चाफा, सदाफुली आणि करवंदी ही सगळी एकाच कुळातली. मोडलं की पांढरा चीक, फूल पाच पाकळ्यांचं, भोवऱ्यासारखं पिळलेलं. कण्हेरीच्या चिकाने माणूस दगावतो, तिच्या या भावंडाची पिकली फळं आपण ओंजळीने खातो.

पण सगळी फुलं आतल्या बाजूला, परसाकडे. पाणंदीकडे एक नाही. करवंदीला फुलं फांद्यांच्या टोकांशी येतात आणि ती टोकं डिसेंबरात साखरपुड्याला गेली. ह्यांना दाखवलं. “मग कधी छाटायची?” फळं उतरली की, जूनमध्ये. पावसात नवी फूट येते, ती थंडीपर्यंत पक्की होते, मग फुलते. कोयतीवर मी आता खडूने ‘जून’ लिहून ठेवलंय.

14 मार्च 2023

सड्यावर वणवा. कोणी पेटवला ते दर वर्षी कळत नाही. दुपारी वारा फिरला आणि आग उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत आली. तात्या, गडी, हे, मी, हिरव्या टहाळ्यांनी झोडपून विझवली. आडवी टाकलेली बाभळीची झुडपं वाळून कोळ झाली होती, त्यांनीच आग ओढून आणली. शेळ्यांपासून वाचवायला जे घातलं त्यानेच पाच झाडं भाजली. पानं करपली, साल काळी.

उरलेली सगळी झुडपं त्याच संध्याकाळी उचलली. काटे आता पुरेसे टणक आहेत.

7 मे 2023

पहिली फळं. दोन कलमांची मिळून सव्वा किलो, गुटीच्या तीन झाडांची पाऊण किलो, बियांच्या झाडांवर मोजून चाळीस-पन्नास दाणे. कलमाचं फळ मोठं आणि मांसल. बियांच्या झाडांचं प्रत्येकाचं वेगळं: एकाचं लांबट, एकाचं वाटाण्याएवढं पण साखर, एकाचं इतकं आंबट की डोळा मिटतो. सगळ्या बिया देवळामागच्या एकाच जाळीतल्या. बी लावलं की असं होणार हे ठाऊक होतं, पण चाखून बघण्यात मजा वेगळी.

नणंदेची मुलगी सुटीला आलीय. तिला ‘कोंबडा की कोंबडी’ माहीत नव्हतं! करवंद मुठीत धरून विचारायचं, समोरच्याने सांगायचं, मग अर्धं चावून दाखवायचं: आत लाल तर कोंबडा, पांढरट तर कोंबडी. दोन तास हाच खेळ. पाऊण किलोतली अर्धी त्यात संपली. सासूबाई कोंबडा सांगून सात वेळा जिंकल्या. जास्त काळं निवडलं की कोंबडाच निघतो, हे त्यांनी पोरीला सांगितलं नाही.

2 जुलै 2023

वणव्यात भाजलेल्या पाचांपैकी चार झाडं बुंध्यातून फुटली. एकाला सात धुमारे. पाचवं गेलं, जागा मोकळी. छत्तीस.

28 एप्रिल 2024

यंदा बियांची झाडंही भरली. हिरवी असतानाच काही काढली, लोणच्याला. हिरव्या करवंदात चीक जास्त. ठेचून बी काढावं, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावं, ते पाणी फेकावं, मग मोहरी-मेथी-तिखट. हाताला आधी तेल चोळावं. नाहीतर चिकाचा काळा डाग आठवडाभर बोटांवर, आणि पातेल्याच्या काठाला बसलेला चीक तर चाकूने खरवडला तरी निघत नाही.

12 मे 2024

आजवरचं उतरलेलं: नऊ किलो. जेली केली. त्यासाठी काळी नकोत, तांबूस, अर्धी पिकलेली घ्यायची, त्यांच्यात पेक्टिन भरपूर. उकळून, फडक्याने गाळून, रसाला जवळपास बरोबरीने साखर. बाहेरचं काही न घालता सुरीने कापण्याजोगी घट्ट. रंग माणकासारखा. बेकरीच्या केकवर जी लाल ‘चेरी’ असते ती बहुतेक वेळा करवंदच असतं, बी काढून पाकात मुरवलेलं आणि रंगवलेलं. हे भाचीला सांगितल्यावर तिचा केकवरचा विश्वास उडाला.

तीन किलो पळसाच्या पानांचे द्रोण करून गड्याच्या बायकोने रस्त्यावर विकली. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून. डोंगर नाही, परस आहे, पण तशी हाक कोणी मारली नसती. पैसे तिचेच. उतरवलीही तिनेच होती.

26 मे 2024

मधल्या दाट भागात, जमिनीपासून तीन फुटांवर, लालबुड्या बुलबुलाचं घरटं. वाटीएवढं. आत तीन अंडी. त्या बाजूची फळं सोडून दिली. तशीही बुलबुलांनी निम्मी खाल्लीच होती. माकडांनाही काटे अडवत नाहीत, वरून येतात, टोकांची खातात आणि जातात. ज्यांना वाटतं करवंदीच्या वईने माकडं थांबतील त्यांनी ते मनातून काढून टाकावं. गुरं, शेळ्या थांबतात. रानडुक्कर एकदा येऊन परत गेलं, ठसे होते.

7 जुलै 2024

आंब्याखाली, जिथे बुलबुल दुपारचे बसतात, तिथे गवत काढताना करवंदीची अठरा रोपं दिसली. न धुता, न राख लावता, न पिशवी भरता. चार-चार पानं, माझ्यापेक्षा तजेलदार. एकाच ठिकाणी नऊ. सोटमूळ लांबायच्या आत, खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट उचलून पिशव्यांत भरली. पंधरा लागली.

17 नोव्हेंबर 2024

विजेचा नवा खांब नेमका वईत. आलेल्या माणसांना मी चार फूट सरकवा म्हटलं. आखणी साहेबांनी केलीय म्हणाले. दोन चांगली झाडं गेली, त्यातलं एक वाटाण्याएवढ्या साखर फळाचं. चौतीस.

सड्यावरच्या प्लॉटवर ज्यांचा बंगला झालाय ते गृहस्थ संध्याकाळी फिरताना थांबले. वई बघून म्हणाले, “छान आहे. कोणतं झाड हे? रोपं विकत मिळतील?” मी सांगितलं, करवंदी. त्यांना वाटलं मी नाव चुकीचं सांगतेय. करवंदं त्यांनी बाजारात द्रोणात पाहिली होती, झाडावर नाही.

27 मे 2025

पाऊस पंधरवडाभर आधी. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच कोसळतोय, आणि काल तर मान्सून मुंबईपर्यंत पोचलासुद्धा. बागायतदार आंब्यासाठी रडतायत, त्यात माझ्या करवंदांचं कोण ऐकणार? यंदा चौदा किलोची आशा होती. पाच उतरली होती तेवढीच. बाकीची झाडावर फुगून फुटली, चाखली तर पाणी. मुंग्या लागल्यात. लवकर पिकणारी कोणती हे पुढच्या वर्षी झाडाझाडाला चिंधी बांधून बघायला हवं. 10 मेच्या आत काळी होणारी चार-पाच तरी आहेत असा माझा अंदाज.

फुटलेल्या फळांतल्या बिया गोळा करून लगेच वाफ्यात टाकल्या. पाऊस आलाच आहे तर वाट कशाला बघायची.

15 जून 2025

छाटणी झाली. ह्यांनी स्वतःहून, जूनमध्ये, मला न विचारता. साडेचार फुटांवर.

रिकाम्या जागा तीन: एक वणव्याची, दोन खांबाच्या, त्या दोन्ही खांबापासून थोड्या सरकवून खोदल्या. आंब्याखालून उचललेल्या पंधरांपैकी अकरा रोपं चांगली आहेत. तीन लावली. आठ राहिली ती पायरीपाशी ठेवून मी चहाला आत आले. बाहेर येते तो सासूबाई तात्यांच्या सुनेला पाच पिशव्या उचलून देतायत आणि वर सांगतायत, “पाणी साचेल तिथे नको लावूस गो, आणि डिसेंबरात कोयती लावू देऊ नको कोणाला.”

तीन उरली आहेत. ती कोणासाठी ठेवलीत विचारलं, तर म्हणाल्या, बघू.